अंजिराच्या काड्या

द्वारकाबाईला लोक दगड म्हणायचे. म्हणू देत. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी चंपाबाई तिच्या भिंतीला भिंत लावून राहते अन् दिवसभर तिच्यासमोर उभी राहून काम करते, तेव्हा मी सांगते ते ऐका. दगड नव्हती ती. सुन्न झाली होती. ह्या दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही त्यानं माझ्याशी वाद घालू नये.

आम्ही दौलताबादच्या. किल्ल्याच्या खालच्या अंगाला पूर्वी अंजिराच्या बागा होत्या, त्यातली एक द्वारकाबाईची. म्हणजे तिच्या नवऱ्याची, बन्सीभाऊजींची. भाऊजी नुसतं देठाकडं बघून सांगायचे, हे फळ आज उतरेल, हे उद्या. अन् बोलके तर इतके की गिऱ्हाईक अंजिरं कमी अन् गोष्टीच जास्त घेऊन जायचं. मी कितीदा म्हटलं, भाऊजी, जरा तोंडाला विश्रांती द्या. आता वाटतं, कशाला म्हटलं.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष, दुसरं वर्ष, विहिरीचा तळ दिसला अन् बाग उभ्या जागी वाळून गेली. शहर इकडं सरकत होतंच. वाळक्या लाकडापेक्षा प्लॉट बरे असं सगळ्या भावांचं मत पडलं अन् जमीन गेली. कुणी फसवलं नाही, कुणी लुबाडलं नाही, सगळं राजीखुशीनं झालं. प्लॉटवाल्याला फाटकावर राखणदार हवा होता, तर भाऊजीच बसले. आपल्याच बागेच्या फाटकावर, खाकी टोपी घालून, गळ्यात शिट्टी! मी असते तर ती शिट्टी त्या साहेबाच्या टाळक्यात घातली असती. भाऊजी बसले, अन् बसल्यापासून त्यांचं बोलणंच बंद पडलं. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर तसेच झोपायचे. द्वारकाबाईचंही तेच. एका घरात दोन माणसं अन् भिंतीपलीकडून मला भांड्याचा तेवढा आवाज यायचा.

मीच तिला ओढत पॉलिहाऊसवर आणलं. शहराच्या वाटेवर आहे ते, प्लास्टिकचा भला मोठा मांडव, अन् आत डच गुलाब. माती औषधालासुद्धा नाही. मातीतून रोग येतो म्हणून आत आणायलाच बंदी. गुलाबाच्या काड्या आधी ओल्या रेतीत, धुक्यासारख्या फवाऱ्याखाली ठेवायच्या. पांढऱ्या मुळ्या फुटल्या की उचलून रॉकवूलमध्ये बसवायच्या. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेली लोकर, असं तिथल्या मृण्मयी मॅडम सांगायच्या. दगडाची कुठं लोकर असती व्हय? मी तर हसलेच होते. पण ती असते. हाताला मऊ लागते, अन् अंगाला लागली की अशी खाज सुटते की देव आठवतो. म्हणून हातात रबरी मोजे. चौकोनी तुकडे असतात तिचे, आम्ही त्याला वडी म्हणायचो.

मॅडम पोरसवदा, शेतकी शिकलेल्या, स्वभावानं गोड. त्यांचा एकच धोशा. "मावशी, काडी भोकात अलगद सोडायची अन् हात काढून घ्यायचा. दाबायचं नाही. वडीत हवा असते, मुळ्या त्या हवेवर जगतात. दाबलं की हवा गेली, ती परत भरत नाही. अन् वरून पाणी तर मुळीच घालायचं नाही, नळी देते तेवढं पुरतं."

हे आम्हाला! मिरची लावा का वांगं लावा, रोपाच्या बुडाशी अंगठ्यानं दाबून माती घट्ट करायची, अन् दोन-तीन दिवसांनी परत हलकं पाणी द्यायचं, ते आंबवणीचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, चालता यायला लागलं तेव्हाच हातात आलं. सुरुवातीला माझा अंगठा सारखा खाली जायचा अन् मी बोलणी खायची. द्वारकाबाईचा एकदाही गेला नाही. काडी सोडली, पुढं सरकली. काडी सोडली, पुढं सरकली. मॅडम म्हणायच्या, बघा, कसा हलका हात आहे. मला मात्र तिच्याकडं बघून भीती वाटायची. त्या हातात कुणी नव्हतंच.

लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ना, त्या सालची गोष्ट. बागेतलं एकच झाड तेवढं विहिरीच्या काठी जिवंत होतं. भाऊजींच्या वडिलांनी लावलेलं. राखणदारी करता करता भाऊजी आंघोळीचं, भांड्याचं पाणी त्याला घालायचे. पण तिथूनच रस्ता जाणार होता, पाडायची खूण म्हणून साहेबांनी बुंध्याला चुना फासून ठेवला होता. माघ महिन्यात एका सकाळी भाऊजी ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून घेऊन आले अन् कितीतरी दिवसांनी बोलले.

"तुझ्या त्या मॅडमला इचार. ह्या तिकडं लागत्याल का?"

घरी लावायला जागा कुठली? राहायला एक खोली, दारात डांबरी रस्ता, अन् पाणी टँकरचं. दुसरीकडं सोय नव्हतीच. द्वारकाबाईनं विचारलं. मॅडमनी लगेच होकार दिला, म्हणाल्या, कोपऱ्यात ठेवा, मोठी झाली की कुंडीत लावून घरी न्या.

अंजिराची काडी कष्टाळू जात. रेतीत टाकली अन् भराभर मुळ्या सुटल्या. भाऊजी रोज संध्याकाळी एवढंच विचारायचे, "काय म्हणत्यात?" अन् ती म्हणायची, "हायेत." दोघांचं बोलणं एवढंच, पण बोलणं होतं. मला भिंतीपलीकडं बरं वाटायचं.

वडीत बसवायचा दिवस आला. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही गुलाबच लावले. मग तिनं अंजिराचा ट्रे पुढं ओढला, अन् काय केलं, तर चपला काढल्या. रानात पेरायला उतरताना काढतो तशा. मग हातातले मोजे काढले. एकेक काडी उचलून तिच्या मुळ्या बघितल्या, वडीत ठेवली, अन् अंगठ्यानं बुडाशी दाबली. चांगली दोन्ही बाजूंनी, जीव लावून. तिच्या तोंडावर रंग आला होता. मी समोरच होते. माझ्याबी ध्यानात आलं नाही हो! रोप असंच लावतात, मला त्यात चूक दिसावी कशी? मी उलट म्हटलं, "द्वारके, आज बाई माणसात आलीस." ती हसली. खरंच हसली. अन् दोन-तीन दिवसांनी घरून आणलेली प्यायच्या पाण्याची बाटली तिनं त्या वड्यांवर रिकामी केली, स्वतः तहानलेली राहिली. आंबवणी दिली तिनं.

पुढं काड्यांना पानं आली. बोटाच्या पेराएवढी, हिरवीगार. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून भाऊजींचा आवाज जो सुरू झाला तो थांबेचना. कुठल्या साली कोणतं फळ केवढं धरलं, सगळा पाढा. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. पोटात गार वाटलं.

त्याच आठवड्यात जेसीबी आला. भाऊजींनी स्वतः फाटक उघडलं. ड्रायव्हर जरा थांबला म्हणे, झाडाला फळं होती. तर भाऊजीच त्याला म्हणाले, "काढ बाबा, काढ. माझ्या काड्या लागल्यात." फांद्या सगळ्या ट्रॉलीत गेल्या. त्यांनी एक डहाळी काढून ठेवली नाही. कशाला ठेवतील? घरी येऊन पोटभर जेवले.

अन् मग पानं पिवळी पडायला लागली. आधी एका काडीची, मग सगळ्यांची. द्वारकाबाई रोज बघायची अन् काही बोलायची नाही. शेवटी मीच मॅडमना हाक मारली. मॅडमनी एक वडी उचलली, बाजूनं फाडली, अन् वास आला. मुळ्या तपकिरी, बोटात धरल्या तर सुटून आल्या. वडीच्या मधोमध खळगा पडलेला.

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "ह्या दाबल्या होत्या का? अन् वरून पाणी?"

द्वारकाबाई आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली, मोजा घातलेल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पोरच ती. मला तर असा संताप आला, कुणाचा ते कळेना. समोर गुलाबांच्या रांगा नुसत्या तरारल्या होत्या. ज्यांना तिनं मोज्याच्या हातानं, कशाचंच काही न वाटता सोडलं होतं, ते सगळे जगले. जिथं जीव ओतला ते कुजलं. दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात, पण ह्यात तिचं कर्म तरी काय वाईट होतं, सांगा मला कुणी.

सुट्टी होईपर्यंत तिनं गुलाबच लावले. वाटेत मी म्हटलं, "भाऊजींना इतक्यात सांगू नको गं. हायेत म्हण." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी आलो. मी चूल पेटवली नाही, भिंतीला कान लावून बसले. लाज कसली त्यात, मला राहवेना. भाऊजींनी रोजच्यासारखं विचारलं, "काय म्हणत्यात?"

"कुजल्या," ती म्हणाली. "समद्या."

मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडावं तरी, असं वाटलं.

"लावताना दाबल्या व्हत्यास का?" भाऊजींनी विचारलं.

"व्हय."

"आंबवणी दिली?"

"दिली. माझ्या प्यायच्या पाण्यातली."

"मंग तू बराबरच लावल्यास," ते म्हणाले. "तुझी काय चूक नाय."

ती तेवढ्यानं रडली. बाग वाळली तेव्हा रडली नव्हती, जमीन गेली तेव्हा नाही. त्या दिवशी मात्र हंबरडा फोडला, अन् इकडं मी तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी कामावर हजर होती, मोजे घालून. काडी सोडली, पुढं सरकली. भाऊजी फाटकावर बसतात. संध्याकाळी घरी येतात, जेवतात. आता ते काही विचारत नाहीत.