सगळे डाव न बघता

बाबा बडोद्यातल्या एका शाळेतून गणित शिकवून निवृत्त झाले. तिथल्याच हरणी भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. दोन्हीकडून अचूक खेळ झाला तर बुद्धिबळाचा डाव पांढऱ्याचा की बरोबरीचा, हे निव्वळ विचाराने सिद्ध करायचं. मी सयाजीगंजला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात, त्यामुळे रविवारी घरी गेले की तोफ माझ्यावरच.

"दोन विषम संख्यांची बेरीज सम येते. हे सांगायला मी जगातल्या सगळ्या विषम संख्या मिळवून बघितल्या का?"

"बाबा, संख्या शिस्तीत वागतात, घोडा वागत नाही. मोजकी मोहरी उरली असतील तर कॉम्प्युटर शेवटपर्यंत सगळं बघतो, पण पूर्ण पट त्यालाही आवरत नाही. तुम्हाला कुठून आवरणार?"

"तो बघतो, मी विचार करतो," म्हणत ते हनुवटी छातीला टेकवून डोळे मिटत. अशा वेळी त्यांना हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. चहा शेजारी ठेवायचा, निवला तर निवला.

गेल्या वर्षी एका दुपारी ते असेच पटासमोर बसले होते. आईने चहा ठेवला, दोरीवरचे कपडे काढले, भाजी निवडली. दिवेलागणीला तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते गार पडले होते.

तेव्हापासून आई ती दुपार पुन्हा पुन्हा मांडायची. "चहा ठेवतानाच हाक मारली असती तर? बेल वाजली तरी हे हलले नाहीत, मला तेव्हाच कळायला हवं होतं ने?" अजूनही आम्ही दोघी त्या खुर्चीजवळून पाऊल न वाजवता जातो. तिथे कुणी नाही हे ठाऊक असून माझा आवाज आपोआप खाली येतो, आणि मला त्याची भीती वाटते.

एका रविवारी तिने विचारलंच. "तू कॉम्प्युटरवर काम करतेस. खरं सांग, यांना वाचवणारी एक तरी चाल होती का?"

"आई, सगळ्या चाली बघायची गरजच नाही," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले ना, क्षणात गेले. मग तू केव्हाही हाक मारली असतीस तरी शेवट तोच. हे सिद्धच आहे."

ती म्हणाली, "अगदी यांच्यासारखं बोललीस." त्यानंतर तिची झोप सुधारली.

डॉक्टर म्हणाले होते, "क्षणात गेले असतील, पण नक्की सांगता येत नाही." त्यातला अर्धा भाग मी गिळला. आता तिचे सगळे डाव माझ्याकडे आलेत. स्कूटर सिग्नलला थांबली की मी चहाचा कप ठेवते, हाक मारते, आणि बाबा दर वेळी डोळे उघडतात.