पायाला लागलेला चेंडू

आमच्या रविवारच्या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर मी. निदान मी स्वतःला तसं म्हणवायचो. सामन्यात पहिला चेंडू टाकायला कायम दुसराच असे. तो दमला की मला बोलावत. कुणी आलं नाही तर पहिल्या बेसवर, नाहीतर लांब कुठेतरी उन्हात. मी इथे परदेशातून आलेला; इथलाच चिनी कॅप्टन विचारायचा, "एनीव्हेअर ऑल्सो कॅन, राइट?" मी म्हणायचो, कॅन, कुठेही चालेल. आठ वर्षं हेच. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातही मी असाच, पानातलं लोणचं. असलं तर बरं, नसलं तरी कुणाचं जेवण अडत नाही.

मग नेहमीचा पिचर इथल्या सक्तीच्या लष्करी उजळणीला गेला आणि पहिल्यांदा सुरुवातीपासून चेंडू माझ्या हाती आला. आठवडाभर मला चैन नव्हतं. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये मी इतका हात फिरवला की बायको म्हणाली, "अरे, तो पंखा बंद कर आता."

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. समोरच्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, धावायच्या तयारीत. फलंदाजानं हलकेच मारलेला चेंडू सरपटत आला आणि माझ्या बुटाला लागून थांबला. उचलायचा आणि फलंदाजामागच्या कॅचरकडे फेकायचा, एवढंच काम. मी उचलला, उजव्या हातातला ग्लोव्ह त्याला लावला आणि कपाळाला टेकवला! पुस्तकाला पाय लागला की करतात तसं. डाव्या हातानं नमस्कार केला की आई रागवायची, म्हणून तेवढा उजवा.

तोवर तो गडी घरी, म्हणजे कॅचरपुढच्या शेवटच्या बेसवर, पोचला होता. आम्ही हरलो.

"नमस्कार घरी येऊन केला असतास तर चेंडू रागावला असता का?" बायको म्हणाली. मला हसू आलं नाही. लाज वाटत होती, आणि आता पुन्हा कधीच चेंडू मिळणार नाही ही भीती त्याहून मोठी होती.

पुढच्या रविवारी नेहमीचा पिचर परत आलेला नव्हता, तरी यादीत माझं नाव लांबच्या उन्हातच होतं. "एनीव्हेअर ऑल्सो कॅन, राइट?"

"नो," मी म्हणालो. "आज मलाच टाकायचाय."

त्यानं मला न्याहाळलं. परत पायाला लागला तर काय करशील, असं विचारलं.

"नमस्कार करीन," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? "पण आधी फेकीन."

त्यानं चेंडू माझ्याकडे टाकला. मी तो ग्लोव्हमध्ये झेलला आणि पिचरच्या जागेकडे चालू लागलो.