भाकरीचा प्रवेश

वसईजवळच्या होळी गावात मथुराबाईंना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. बरं, ही ओळख त्यांच्या वाडीतल्या केळींमुळे किंवा मोगऱ्यामुळे झालेली नाही. ‘टीव्हीवर मार खाल्लेली ती’ अशी ती ओळख. चाळीस वर्षं उलटली तरी वसईच्या बाजारात त्यांच्या पाटीतली अळूची जुडी उचलताना एखादी म्हातारी विचारायचीच, आज भाकरी करपली नाही ना? मथुराबाई हसायच्या. हसणारं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, एवढं त्यांना धंद्यानं शिकवलं होतं.

झालं होतं ते असं. सुधाकर आणि मथुरा हे गावच्या हौशी नाटक मंडळातलं जोडपं, आणि घरीही नवरा-बायको. मुंबईच्या एका टीव्ही कार्यक्रमाला गावाकडचा विनोदी प्रवेश हवा होता, कुणीतरी या दोघांचं नाव सुचवलं. प्रवेश अगदी साधा. नवरा वाडीतून घरी येतो, भाकरी करपलेली असते, बायको उलट बोलते, नवरा थोबाडीत देतो आणि ती गरकन फिरून पिठाच्या परातीत बसते. ती बसली की लोकांनी हसायचं. त्या काळी याला निखळ करमणूक म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत बायकाही होत्या, उगाच पुरुषांनाच बोल लावू नये.

कार्यक्रम लागला तेव्हा गावात टीव्ही मोजकेच. शेजारच्या निकोलस मास्तरांच्या घरी अख्खी आळी लोटली. सुधाकर पुढे खुर्चीवर, मथुरा मागच्या दारी चहाच्या आधणापाशी. तिच्या कानावर आला तो नुसता हशा. पुन्हा तो प्रवेश कधी लागलाच नाही. म्हणजे साऱ्या गावानं पाहिला, आणि जिनं मार खाल्ला तिनंच तेवढा पाहिला नाही!

सुधाकररावांनी मात्र त्या थपडेवर जन्म काढला. बारसं असो की साखरपुडा, कुणी ‘काका, भाकरी’ म्हटलं की ते उठून हात उगारत, मथुराबाई गरकन फिरत आणि टाळ्या पडत. हल्लीच्या मालिकांना ते नाकं मुरडत. आमच्या वेळचा टीव्ही घरच्यांसोबत बसून बघता यायचा, हे त्यांचं पालुपद. नात रुचिता मोबाइलवर सगळं दुप्पट वेगानं बघते, तिला ते म्हणायचे, जुनं एकदा बघ, मग कळेल.

आणि ते जुनं खरंच सापडलं. जुने कार्यक्रम आता इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात, त्यांतून रुचितानंच भाकरीचा प्रवेश हुडकून काढला. दिवसही कसा, तर आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तो. संध्याकाळी हॉलवर पाहुणे यायचे होते. मुलगा अनुज यानं बेत आखला होता. आधी पडद्यावर प्रवेश दाखवायचा आणि लगेच दोघांनी तोच करून दाखवायचा. दुपारची जेवणं उरकल्यावर, नीट दिसतंय ना ते बघावं म्हणून घरच्या टीव्हीवर लावला.

मथुराबाई पदर सावरून पुढ्यात बसल्या. पडद्यावर एक काटकुळी बाई भाकरी थापत होती. हीच का मी, म्हणून त्यांना गंमत वाटली. मग सुधाकर आला, संवाद झाले, आणि थप्पड बसली. आवाज असा आला की सून नेत्राचा हात तोंडाशी गेला. स्टुडिओतले प्रेक्षक खदखदून हसत होते. घरात सुधाकरराव एकटेच हसले, मग इकडे तिकडे बघून थांबले.

अनुजनं अवघडून खालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. किती छान काळ होता, असा विनोद आता होणे नाही, असं कुणाकुणी लिहिलं होतं. तेवढ्यानं सुधाकररावांना हुरूप आला. ते सांगू लागले, तालमीत हात हवेतूनच जायचा, ते खोटं दिसायचं. म्हणून दिग्दर्शकानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या वेळी खरी मारा, आणि तिचं वाक्य यायच्या आधीच मारा, तिला कळता कामा नये. तिला काडीचीही कल्पना नव्हती, म्हणून तर एवढं खरं वाटतं, असं ते अभिमानानं म्हणाले.

रुचितानं चित्र मागे नेलं आणि अगदी सावकाश पुढे सोडलं.

“आजोबा, पण हे बघा ना. तुमचा हात खालीच आहे अजून, आणि आजीचा हात कानावर गेलापण. आजी, तुला आधीच कसं कळलं?”

मथुराबाईंनी पाहिलं. सुधाकरनं नुसती मान वळवली होती, खांदा जरासा उचलला होता, आणि त्या काटकुळ्या बाईनं कोपर पुढे करून डावा कान तळव्यानं झाकला होता. तो कान झाकणारा हात त्यांच्या ओळखीचा होता. न्हाणीघराच्या दारातला, विहिरीवरचा, अनुज पाळण्यात असतानाचा. सुधाकररावांचं वय झालं तसं ते सगळं थांबलं होतं, आणि घरातलं घरात म्हणून मथुराबाईंनी इतकं खोल पुरलं होतं की मार फक्त नाटकातच होता, असं त्यांचं त्यांनाच खरं वाटू लागलं होतं. लोक हसले म्हणून आपणही हसलो. एवढी माणसं तो हात बघत होती आणि कुणालाच तो दिसला नाही, याचा त्यांना जबर धक्का बसला. आपल्याही तो कधी ध्यानात आला नाही. बारशा-साखरपुड्यांत आपण तोच मार पुन्हा पुन्हा करून दाखवला, वर टाळ्या घेतल्या. मग संताप आला, नवऱ्याचा आणि स्वतःचाही.

“अभिनय आहे तो,” सुधाकरराव घाईनं म्हणाले. “कसलेली बाई आहे ती.”

“सवय होती, बाय,” मथुराबाई नातीला म्हणाल्या.

आपल्या आईकडे बघायची अनुजला हिंमत होईना. टीव्हीकडे बघतच तो पुटपुटला, आपण हे संध्याकाळी राहू देऊ. सुधाकररावांनीही मान डोलावली. जुन्या गोष्टी आहेत, पाहुण्यांपुढे कशाला, असं काहीसं ते म्हणाले.

“नाही. लावायचं,” मथुराबाई म्हणाल्या. “असंच सावकाश लावायचं. आणि रुचिता, आता विचारलंस ते तिथं सगळ्यांपुढे विचार. मला नको, ह्यांना विचार.”

सुधाकरराव काहीतरी बोलायला उठले. पण मथुराबाई नेत्राकडे वळल्या होत्या आणि संध्याकाळची साडी काढायला सांगत होत्या, ती नवी जरीची, ठेवणीतली.