गुलाबी पडलेले दाणे

जावातल्या सुमेदांगजवळ हवेच्या बंदुकांत दाबाची हवा भरून देणाऱ्या एन्तिसचा त्या सकाळी घास हातातच राहिला. कॉम्प्रेसरच्या गाळणीतले ओल शोषणारे निळे दाणे पार गुलाबी पडले होते. म्हणजे काल भरलेल्या बंदुकीत हवेबरोबर पाणीही गेलं असणार. काल एकटा म्हातारा ओमोच आला होता, नारळाच्या बागेत खारी मारणारा.

भात तसाच टाकून तिने मोटरसायकल काढली आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

तिचं ऐकून ओमो हसला. "अगं, नेम तर झकास बसतोय! उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"काका, गंज काय सांगून येतो? द्या इकडे."

सगळी हवा सोडून तिने हवेची नळी उघडली आणि उलटी केली. तळहातावर चार गढूळ थेंब पडले. ओमोचं हसू मावळलं.

"दुसरी असती तर गप्प बसली असती," तो हळूच म्हणाला.

 तिने नळी पुसून कोरडी केली, तेलाचा हात फिरवला. पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. दाणे काही एका दिवसात गुलाबी होत नाहीत; म्हणजे आधीच्या बंदुकांतही पाणी गेलं असणार.

"काका," तिने एकदम विचारलं, "परवाही तुम्ही माझ्याकडे बसला होतात ना? तेव्हा आणखी कोण कोण आलं होतं, आठवतंय का?"