अच्युतरावांचा काळा कोंबडा

ठाकूरद्वारच्या अच्युतराव मानकरांना जगात एकाच गोष्टीची किळस येत नसे, आपल्या कोंबड्यांची. बाकी सगळ्याची यायची. ट्राममधल्या घामाची, हॉटेलातल्या ओल्या कपबशीची, घसा खरवडणाऱ्या पुढाऱ्यांची, आणि सर्वांत जास्त बाजारात पाय बांधून टोपलीत कोंबलेल्या, स्वतःच्याच घाणीत बसलेल्या कोंबड्यांची. ते मांस नव्हे, रोग आहे, असं ते ताटावर बसून पत्नीला, उर्मिलाबाईंना सुनावत. पण पाठारे प्रभूंच्या घरात कोंबडी सोडायची म्हणजे काही खायचं काम नाही. म्हणून बोटीच्या कंपनीतली हेडक्लार्की संपली तशी त्यांनी स्वतःच उद्योग मांडला.

शिवाजी पार्काच्या पलीकडे, माहीमच्या अंगाला त्यांची वडिलार्जित नारळाची वाडी उरली होती. तिथं त्यांनी साठ-सत्तर गावठी पाखरं मोकळी सोडली. तांबडी, काबरी, करडी, उघड्या मानेची, नाना रंगांची. रात्री निजायला एक बिनतळाचं खुराडं होतं. ते दर चार दिवसांनी ते आणि माळी लवू मिळून ओढून ताज्या गवतावर नेत. दिवसभर पाखरं नाकतोडे टिपत, वाळवी उकरत, खोबऱ्याच्या चोथ्यावर भांडत. सरकारी फार्मातल्या पांढऱ्या कोंबड्यांना अच्युतराव ‘इस्पितळातल्या नर्सा’ म्हणत. सहा महिने गवतावर हुंदडलेला कोंबडा परभी संभार मसाला घालून मंद आचेवर शिजला, की त्या दिवशी मात्र त्यांची कशाबद्दल तक्रार नसे.

तक्रार होती ती गिऱ्हाइकांबद्दल. वाडीत रंगीत कोंबडे आहेत ही बातमी गिरणगावात पोचली आणि माणसं येऊ लागली. त्यांना वजन नको, चव नको, रंग हवा. कुणाला नवसाला तांबडा, कुणाला दृष्ट काढायला उलट्या पिसांचा. अच्युतरावांचं डोकं फिरे. मी खाण्यासाठी वाढवतो, भुताखेतांसाठी नाही, असं म्हणून ते एकेकाला फाटकातूनच वाटेला लावत. पिसं बघून जेवणाऱ्या देवाची त्यांना शिसारी यायची, आणि त्याच्या भक्तांची त्याहून.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसाठी माणसं रस्त्यावर उतरली, गोळ्या चालल्या. संचारबंदी उठल्यावर करी रोडच्या चाळीतली मालन वाडीवर चालत आली. तिच्या नवऱ्याला, गणपतला, लालबागच्या नाक्यावर मांडीत गोळी लागली होती आणि इस्पितळात जखम चिघळत चालली होती. मालवणाकडचा त्यांचा घाडी, देवाला गाऱ्हाणं घालणारा, म्हणाला होता की गावच्या राखणदाराला कोंबडा द्या, माणूस उठेल.

“साहेबानू, माका काळो कोंबडो होयो,” ती म्हणाली. “एक पण पीस दुसऱ्या रंगाचा नको.”

अच्युतरावांनी तिला डॉक्टरवर विश्वास ठेवायला सांगून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते सकाळी पोचले तर ती फाटकाशी बसलेली, काही मागत नव्हती, नुसती बसली होती. हे त्यांना फारच असह्य झालं. कळपात एक काळाभोर कोंबडा होता, फक्त डाव्या पंखाखाली दोन पांढरी पिसं. अच्युतराव त्याला खुराड्यामागे घेऊन गेले, ती दोन पिसं उपटली, बोटं धोतराला पुसली आणि कोंबडा तिच्या हातात दिला. एकदाची पीडा गेली, असं ते लवूला म्हणाले. 

तेरा दिवसांनी मालन परत आली. कपाळ मोकळं होतं. गणपत गेला होता. तिला आता दुसरा काळा कोंबडा हवा होता, कारण राखणदाराला दिलेल्या राखणीत खोट राहिली, ती निस्तरली नाही तर पोरांवर येईल, असं घाडी म्हणत होता.

“त्यान इचारल्यान, कोंबड्यात काय होता काय? मी सांगलंय, नाय. तो साहेब शिकलेलो माणूस, खोटो कोंबडो देवचो नाय.” तिनं पदर तोंडाशी धरला. “खोट माझीच. त्या दिशी उपास होतो, आणि मी सकाळी चाय पिलंय. एका कपापायी माझो घोव गेलो.”

अच्युतरावांना तिच्या घाड्याचा संताप आला. चहानं माणूस मरत नाही, जखम सडली म्हणून मेला, हे त्यांनी तिला दोनदा समजावलं. ती मान हलवत राहिली, ऐकत नव्हती. ही बाई जन्मभर तो कप पीत राहणार, हे त्यांना दिसलं. खरं सांगितलं तर ती काय म्हणेल, हेही दिसलं.

“त्याला पांढरी पिसं होती,” ते म्हणाले. “दोन. मी उपटली.”

 मालननं शिवी दिली नाही, हात उगारला नाही.

“मगे खोट माझी नाय,” ती म्हणाली, आणि तिथंच गवतात बसून मोठ्यानं रडू लागली. डोळे पुसून झाल्यावर ती कोंबडा न घेताच निघून गेली.

पिसांनी माणूस मरत नाही, हे अच्युतरावांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी ते विहिरीवर जाऊन हात धूत राहिले. लवूनं दोनदा पोहरा ओढून दिला. तिसऱ्यांदा त्यांनी मागितला तेव्हा त्यानं दिला नाही.