पीतांबराची मागची बाजू

आमच्या घरात गणपतीची पाठ कुणी बघत नाही. पाठीवर दारिद्र्य असतं, ती बघितली की ते आपल्यामागे लागतं, अशी समजूत. आता ज्या घरात वर्षभर गणपतीच तयार होतात त्या घराने ही समजूत पाळायची म्हणजे कसरतच. पण आम्ही पाळतो. पेणजवळच्या हमरापूरला आमच्या कारखान्यात रंगून झालेल्या मूर्ती भिंतीकडे पाठ करून रांगेने बसलेल्या असतात, आणि मागून जायची वेळ आलीच तर आई डोळ्यांवर पदर ओढून चाचपडत जाते. एकदा अशीच जाताना रंगाच्या डब्यात पाय घालून आली. वडिलांनी तिला चिक्कार चिडवलं, पण सवय काही सुटली नाही. मागून रंगाचा हात मारायचं काम वडिलांचं. ते म्हणायचे, ज्याने घडवला त्याला बघायला हरकत नाही.

आईचं काम कापडाचं. मी लहान होते तेव्हा मूर्तीला खऱ्या कापडाचा पीतांबर नेसवायचं वेड नुकतं आलं होतं, आणि आमच्या भागात ते काम आईसारखं कुणाला जमत नसे. मांडीवरून जरीचा काठ असा सोडायची की गणपती आत्ताच नेसून बसलाय असं वाटावं. पुढे निऱ्यांचा पंखा, गुडघ्यावर एकही चूण नाही. मागे मात्र न बघता, चाचपून कापड नुसतं गोळा करून डिंकाने चिकटवायचं आणि वरून शेला सोडून द्यायचा. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून तिच्या शेजारी बसून हेच करत आले. मागे असं का, हे मी एकदाच विचारलं होतं. "मागं कोण बघतो गो?" एवढंच ती म्हणाली, आणि मलाही ते पटलं.

मुंबईच्या फॅशन कॉलेजात मला पाठवलं ते तिच्याच हट्टाने. दुसरं वर्ष संपताना उन्हाळी इंटर्नशिप करायची होती. आमचे एक सर होते, ते वर्गात सांगायचे की काम शिकायला जन्म पडलाय, उन्हाळ्यात नेटवर्किंग करा, या धंद्यात माणसाला माणूसच आत घेतो. वर्गातल्या मुलींना त्यांच्या काका-मावश्यांनी आधीच आत घेतलेलं होतं. माझे काका मिठागरावर आणि मामा गागोद्याला भाताच्या शेतात. त्यांच्या ओळखीने फार तर मला मीठ आणि तांदूळ मिळाले असते.

शेवटी मला जागा मिळाली ती रोह्याला. मुंबईच्या एका डिझायनर मॅडमनी कुंडलिकेच्या काठची बंद पडलेली भाताची गिरणी भाड्याने घेऊन तिथे शिलाई आणि भरतकामाचा कारखाना काढला होता. वर्गात हशा पिकला. फॅशन आणि रोहा! माझ्याबरोबर आणखी एक मुलगी आली, मुंबईचीच, हुशार आणि मनाने चांगली. रोह्यात खोली घेऊन राहिली. ती रोह्याला सरळ 'व्हिलेज' म्हणायची. घरमालकाला त्याचा अर्थ कळला असता तर खोली गेलीच असती.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आम्हा दोघींना मुंबईच्या त्यांच्या स्टुडिओत नेलं. ती खोली मी अजून विसरलेले नाही. मधोमध लांब पांढरं टेबल, त्यावर कापड टाकलं की शेवटपर्यंत सपाट पसरायचं. कोपऱ्यात तीन बाजूंनी आरसे. एक बाई त्यांच्या मध्ये उभी होती आणि दोघीजणी तिच्याभोवती गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होत्या, न बोलता, देवघरात बसावं तशा. परत येताना मॅडम म्हणाल्या की उन्हाळा संपला की तुम्हा दोघींतल्या एकीला मी स्टुडिओत घेणार. शिल्लक राहिलेलं कॉलेज काम सांभाळून करता येईल.

त्या दिवसापासून माझा जीव त्या खोलीत अडकला. मला ती हवी होती. लग्न, घर, सोनं यांतलं काही मी कधी इतकं मनापासून मागितलं नाही. सकाळी सहा आसनी रिक्षाने पेणच्या रामवाडी स्टँडवर यायचं आणि एसटी धरायची. स्टँडवर मुंबईची गाडी आणि रोह्याची गाडी बरेचदा शेजारी शेजारी लागलेल्या असत. मी मुंबईला पोचण्यासाठी रोज मुंबईच्या उलट दिशेला जात होते. गाडीत फर्स्ट शिफ्टचे कंपनीवाले डुलक्या काढायचे. नागोठणं मागे पडेपर्यंत मी खिडकीशी बसून मनातल्या मनात त्या पांढऱ्या टेबलावर कापड पसरत असायचे.

उन्हाळा म्हणजे आमच्या कारखान्याचा ऐन हंगाम. मी गेल्यामुळे आईचा एक हातच गेला होता. पण ती कधी चकार शब्द बोलली नाही. उलट सरांचं नेटवर्किंग घरात तिलाच सगळ्यात आधी उमगलं. ओळख करायची म्हणजे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून रोज माझ्या पिशवीत पोह्याच्या पापडांचा एक पुडा. मॅडमना, त्यांच्या मॅनेजरला, मुंबईहून कापड घेऊन येणाऱ्या माणसाला, सगळ्यांना मी पापड दिले. माझ्याबरोबर रोह्याला आलेल्या मैत्रिणीकडे गुळगुळीत व्हिजिटिंग कार्डं होती, म्हणून मीही पेणला लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून करून घेतली. त्याने सवयीप्रमाणे वर ॥ श्री गणेशाय नमः ॥ घातलं आणि कोपऱ्यात मोदक. मी चिडले, तर तो म्हणाला की त्याचे जास्तीचे पैसे घेतलेले नाहीत.

उन्हाळ्याच्या शेवटी मॅडमनी गिरणीच्या खळ्यावर छोटासा शो ठेवला. पाहुणे मुंबईहून गाड्या करून येणार होते: दुकानवाले, मासिकवाले, दोघं-तिघं डिझायनर. आम्ही दोघींनी एकेक पोशाख करायचा होता. मैत्रिणीने कापून, शिवून एक सुरेख लांब झगा केला. मी ठरवलं, शिवायचं नाही, नेसवायचं. आईच्या हाताचा पीतांबर, पण बाईच्या अंगावर.

किती जीव ओतला मी त्यात! नारळी काठाचं कोषा रेशमाचं कापड, पुढे पंख्यासारख्या निऱ्या, एका मांडीवरून तिरका उतरणारा काठ. कपडे चढवायच्या आमच्या डमी भिंतीला टेकून उभ्या असत आणि गिरणीत आरसा होता एकच, कपाटाच्या दाराला लावलेला. येता-जाता बायका थांबून बघायच्या. मॅडम एकदा समोर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या. मी त्या दिवशी रोह्याच्या स्टँडवर उगाचच दोनदा चहा प्यायले.

मागची बाजू कॉलेजात शिकवली नव्हती असं नाही. शिवायचं असतं तेव्हा पाठीचा भाग वेगळा कापावाच लागतो, तो मी नेहमी नीट कापलेला होता. पण हे नेसवणं होतं, आणि नेसवताना माझे हात कॉलेजचं ऐकत नव्हते, आईचं ऐकत होते. पुढचं झालं की उरलेलं कापड ते मागे गोळा करत, खोचत, टाचण्या लावत आणि वरून शेला सोडत. माझ्या हातांच्या लेखी काम पुरं झालेलं असे.

शोच्या दिवशी आईही आली. ठेवणीतली साडी, हातात पापडांचं मोठं बोचकं. तिने पाहुण्यांना स्वतः पुडे वाटले आणि मग दुसऱ्या रांगेत बसली. मीही सरांचं ऐकून ओळखी करायला गेले. एका मोठ्या दुकानाच्या बाई होत्या, त्यांना विचारलं की तुमचं गाव कुठलं. त्या म्हणाल्या, साउथ बॉम्बे. ते राहायचं झालं, गाव कुठलं, असं मी पुन्हा विचारलं. आमच्याकडे ओळख तिथूनच सुरू होते. गाव कळलं की आळी, आळी कळली की नातं निघतंच. त्या बाई हसल्या आणि माझं कार्ड पर्समध्ये टाकून पंख्याजवळ जाऊन बसल्या.

मुंबईहून आलेल्या मॉडेल मुलीला मी पोशाख नेसवला. मैत्रिणीने टाचण्या धरल्या. मुलगी खळ्यावर चालत गेली, आणि खुर्च्यांतली कुजबुज थांबली. काठ तिच्या मांडीवर पाण्यासारखा हलत होता. मासिकवाले पुढे वाकून बघायला लागले. मला वाटलं, झालं, खोली माझी झाली. ती टोकाला पोचली. तिथे वळायचं असतं. हे मी टीव्हीवर ढिगाने पाहिलेलं होतं.

ती वळली, बाजूच्या उभ्या पंख्याचा झोत तिच्या पाठीवर आला आणि शेला वर उडाला. खाली कापडाचा बोळा, टाचण्यांची रांग आणि पांढरी नाडी. तशीच ती सगळं खळं चालत परत आली. कुणीतरी हसलं. मी आईकडे बघितलं. आईने डोळ्यांवर पदर ओढलेला होता.

नंतर मॅडमनी मला बाजूला बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "समोरून हे इथलं सगळ्यात चांगलं काम होतं," त्या म्हणाल्या. "पण बाई बसून राहत नाही. ती चालते, वळते. तिला सगळीकडून कपडे लागतात."

मैत्रिणीला घेतलं. ती रडली, माझ्यासाठी. मला म्हणाली की मागचं मी बघितलं होतं, पण तू मुद्दामच तसं ठेवलंयस असं वाटलं. त्या जगात लोक सगळंच मुद्दाम करतात, त्यामुळे तिलाही दोष देता येत नाही. परतीच्या एसटीत आई माझ्या शेजारी बसली होती. शोबद्दल एक अक्षर नाही. उन्हाची तल्खी फार होती म्हणाली, आणि उरलेला पापडाचा पुडा कंडक्टरला देऊन टाकला.

मी कॉलेज पुरं केलं. मुंबईत दोन-तीन ठिकाणी खटपट करून बघितली, पण तशी खोली पुन्हा दिसली नाही. रोह्याची गिरणी मॅडमनी पुढे बंद केली. मग वडिलांचा हात थरथरायला लागला, डोळ्यांची आखणी त्यांना जमेना, आणि मी घरी आले. कापडाचं काम आता माझ्याकडे आहे. चांगलं चालतं, गिऱ्हाईक नाव काढतं. मैत्रिणीच्या नावाची आता दुकानं आहेत. दर दिवाळीला तिचा मेसेज येतो, आणि मी तो लगेच उघडत नाही.

एक मात्र मी बदललं. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मूर्तीला मागेही निऱ्या असतात. काठ कमरेवरून फिरवून आणलेला, टोकं आत दडवलेली, डिंकाचा डाग नाही. दिवसाला आधी व्हायच्या त्यापेक्षा कमी मूर्ती होतात. कारागीर बायका कुरकुरतात. मूर्ती मखरात भिंतीला लागून बसणार, विसर्जनापर्यंत तिच्या मागे कुणी जाणार नाही, हे मला काय ठाऊक नाही? आईने सुरुवातीला एकदा विचारलं की हे कुणासाठी. "वळली तर?" मी म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी अशीच मूर्तीच्या मागे बसून काठ वळवत होते. आई आता थकली आहे, कारखान्यात येते ती नुसती खुर्चीत बसायला. त्या दिवशी ती उठली आणि मूर्तीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. डोळ्यांवर पदर नव्हता. ती उभी राहून त्या मागच्या निऱ्या बघत राहिली, मग वाकून एका निरीवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी मी डोळं झाकलं," ती म्हणाली, "ते काय सवयीनं नाय. माझंच काम दिसलं गो मला तिथं. मी तुला मागची बाजू शिकवलीच नाय."

इतकी वर्षं हे ती एकटीच वागवत होती. तसं काही नाही, मलाच मुंबईला जायचं नव्हतं, असं म्हणून मला तिचं ओझं उतरवता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिने गणपतीची पाठ बघितली होती, तिच्याशी खोटं बोलवेना.

"मला जायचं होतं, आई," मी म्हटलं. "खूप जायचं होतं. अजून वाटतं."

"ठाऊक हाय. समोरच्या फाट्यावर मुंबईची गाडी थांबली की तुझा हात थांबतो. मी रोज बघते."

मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघ्याला हात देत देत. कापडाचं मागचं टोक तिने धरून ठेवलं, आणि मी उरलेल्या निऱ्या घालायला घेतल्या.