लाल ठिपक्याची डिस्क

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मला डिस्क उपटायचा पगार मिळायचा. कॉम्प्युटर फाइली लिहीत असतानाच डिस्क हिसकून काढायची, परत लावायची आणि फाइलसिस्टिमनं काय वाचवलं, काय घालवलं ते बघायचं. माझा राग कायम नाकावर, त्यामुळे हे काम मला मानवलं. घरी भांडी आपटली की बोलणी खायचो, इथे आपटाआपटीची शाबासकी मिळायची.

मारायच्या डिस्कांवर आम्ही नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचो. ठिपका दिसला की बेलाशक उपटायची.

आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. त्या सकाळी टेबलावर डिस्का मांडून पूजा झाली, दारात कोहळा आपटून फोडला. माझ्या शेजारी बसणारी सहकारी तंजावरी मराठी घरातली. तिनं स्वतःची डिस्कही पूजेत ठेवली. वडिलांच्या घशाच्या ऑपरेशनआधी तिनं त्यांना तासन्‌तास बोलतं केलं होतं, ते सगळं त्या डिस्कवर होतं. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला. हे मला ठाऊक होतं. डिस्क पूजेत आहे, हे नव्हतं.

पूजेनंतर साहेबांनी मला सगळ्यांसमोर सोलून काढलं. मी न पकडलेली चूक ग्राहकाला सापडली होती. माझं डोकं फिरलं. लाल ठिपक्याच्या डिस्का मी टेबलावरून ओढून घेतल्या आणि मशीनला लावल्या. आमचा प्रोग्राम लावलेली डिस्क आधी पुसतो, मग तिच्यावर काहीबाही लिहीत सुटतो. मी लिहू दिलं, उपटलं. परत खुपसलं, परत उपटलं. हातात साहेबांचा गळा असल्यासारखा पिरगाळत होतो. शेवटची डिस्क केबलसकट भिंतीवर भिरकावली.

त्या दिवशी लाल ठिपका सगळ्याच डिस्कांवर होता. पूजेच्या कुंकवाचा.

आवाज ऐकून ती धावत आली, भिंतीखालची डिस्क उचलली.

"अय्यो, हें माझं! अप्पा आहेत ह्यांत! तुम्ही काय केलांत?"

मग तिनं माझी कॉलर धरली, कानाखाली वाजवली, छातीवर गुद्दे घातले. मी हात उचलला नाही. दुसरी प्रत नव्हती. रोज डेटा मरताना बघणारे आम्ही, आणि आमच्या घरच्या एकाही गोष्टीची प्रत नसायची.

संध्याकाळी माफी मागायला तिच्या घरी गेलो. दार वडिलांनी उघडलं. गळ्यात ऑपरेशनचं भोक, त्यावर पांढरा रुमाल होता. मी कोण ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी काठी उगारली आणि माझ्या खांद्यावर हाणली, मग पाठीवर. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, तोंड भराभर हलत होतं. ते मला शिव्या देत होते. जन्मात पहिल्यांदा मला शिव्या ऐकायच्या होत्या, अगदी एक एक. रुमालामागून नुसती हवा येत होती.